नऊ माणसं, एक रविवार आणि मंगळवारचं किचन

ताई, नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी आम्ही एका मोठ्या शहरात राहायला आलो. पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत आणि ते तेव्हा आमच्याकडेच असणार आहेत. उत्साहाच्या भरात मी सगळ्यांना सांगून बसले की रविवारी मी तुम्हाला ब्रंचला नेते. आता पंचाईत झालीय. आम्ही नऊ जण आहोत: आई, बाबा, सासूबाई, भाऊ-वहिनी, त्यांचा तीन वर्षांचा मुलगा, माझी धाकटी बहीण आणि आम्ही दोघं. बाबा सकाळी खाण्याआधी इन्शुलिन घेतात. आईच्या कानाला मशीन आहे. सासूबाई अंडं खात नाहीत. बहिणीला जागा फोटोत छान दिसायला हवी. फोनवर सेव्ह केलेल्या जागा सेहेचाळीस झाल्यात. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या ठिकाणी आम्ही दोघं एका रविवारी जाऊन आलो, तर तासभर दारात उभे आणि वर ताट गार. नवरा म्हणतो, घरीच कर काहीतरी. सगळ्यांना आवडेल अशी एक जागा कशी शोधू?

– सेहेचाळीसवाली

प्रिय सेहेचाळीसवाली,

ताई म्हणालीस, म्हणून अहो-जाहो करत नाही.

आधी ती यादी बाजूला ठेव. पुसून टाक म्हणत नाही, पण या कामाला ती उपयोगाची नाही. सेहेचाळीस जागा तू वेगवेगळ्या मूडमध्ये, बहुतेक रात्री आडवी पडून, कुणीतरी काढलेले फोटो बघून साठवल्यास. त्यातली एकही जागा बाबांचं इन्शुलिन आणि आईचं मशीन डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली नसणार. तुझ्या पत्रात जागेचं वर्णन नाही, माणसांचं आहे, आणि ते फार नेमकं आहे. तिथूनच सुरू करू.

पहिला प्रश्न कुठे जायचं हा नाहीच. किती वाजता जायचं, हा आहे. 'ब्रंच', म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्र, म्हटलं की साडेअकरा-बारा डोक्यात येतात. या शब्दाचा उगमही उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीतला. १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने तो छापात आणला. रविवारी चर्चहून आल्यावर जे जड जेवण व्हायचं, त्याऐवजी दुपारच्या सुमाराला चहा-कॉफीपासून सुरू होणारं हलकं खाणं असावं, म्हणजे शनिवारी रात्री जागलेल्यांना लवकर उठावं लागणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. ब्रंचला माणसं मोकळी होतात, बोलती होतात, असंही त्याने म्हटलं होतं. ते बोलण्याचं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे होते रात्र जागवलेले तरुण. तुझ्या नऊ जणांत असं माणूस एकच, तुझी बहीण. बाबा सहाला उठत असतील. तीन वर्षांचं मूल एकच्या सुमाराला पेंगतं. पेंगुळलेलं मूल आणि उशिरा आलेलं ताट एकाच टेबलावर आलं की समारंभ तिथेच संपला. म्हणून दहा. फार तर सव्वादहा. नावाला ब्रंच, वेळ उशिराच्या नाश्त्याची. बहिणीला एक दिवस लवकर उठू दे.

बाबांचं मात्र गमतीवर न्यायचं नाही. खाण्याआधीचं इन्शुलिन घरी टोचून घ्यायचं आणि मग दारात रांगेत उभं राहायचं, हे धोक्याचं आहे. औषधाने आपलं काम सुरू केलेलं असतं आणि पोटात काहीच नसतं. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, उगाच चिडचिड सुरू होते. ती चिडचिड 'बाबांना गर्दी आवडत नाही' म्हणून सोडून दिली जाते, माझ्या घरी तशी दिली गेली आहे. त्या दिवशी डोस कधी आणि किती घ्यायचा, सकाळी घरी थोडं खाऊन निघायचं का, हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच्या आठवड्यात फोन करून विचार. स्वतःच्या मनाने डोस पुढे-मागे करायचा नाही. पर्समध्ये साखर ठेव. साखर उतरल्यासारखी वाटली तर तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि ब्रंचच्या मेनूचा निम्मा भाग म्हणजे पॅनकेक, सिरप आणि ज्यूस असतो, हे त्यांना तिथे गेल्यावर नको, घरीच सांगून ठेव. ताटापुढे बसलेल्या माणसाला पथ्य सांगू नये.

आता तुझ्या गार ताटाकडे येते. हे आधी समजून घे, कारण जागा कशी निवडायची याची किल्ली तिथेच आहे.

माझा मावसभाऊ गेली पंधरा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये आहे. रविवार सकाळचं नाव काढलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. रात्रीच्या जेवणासाठी चालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारची रात्र आठवड्यातली सगळ्यात मोठी. किचन धुऊन-पुसून बंद होईपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि त्याच माणसांना सकाळी आठला परत उभं राहायचं असतं. पुष्कळदा मुख्य शेफ रविवारी सकाळी नसतोच, हाताखालची पोरं सांभाळतात. त्यात रात्रीची गिऱ्हाइकं सात ते अकरा अशी पसरून येतात, ब्रंचवाले साडेअकराला एकदम. आणि जो येतो त्याला अंडं हवं असतं, प्रत्येकाला वेगळं. एकाला बलक पातळ, एकाला घट्ट, एकाला बलकच नको, एकाला सॉस बाजूला.

एकच पोच्ड एग घे, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांच्या पुढे धरायला लागतो, बलक ६५ च्या आसपास दाटतो आणि सत्तरीला बसतो. म्हणजे वाहता बलक आणि दगडी बलक यांच्यात पाच-सात अंशांचं अंतर. आचाऱ्याने ते बरोबर साधलं, ताटात ठेवलं आणि ताट 'पास'वर सरकवलं. पास म्हणजे किचन आणि वेटर यांच्यामधला तो कट्टा, वर गरम दिवे लावलेला. तुमचं टेबल दोघांचं असेल तर दुसरं ताट मिनिटाभरात येतं आणि दोन्ही निघतात. टेबल नऊ जणांचं असेल तर पहिलं अंडं त्या दिव्याखाली उरलेल्या आठ ताटांची वाट बघत बसतं. आत बलक शिजत राहतो, खालचा टोस्ट ओला होतो, बाजूचे बटाटे गार होतात. यात चूक कुणाचीच नसते. नऊ जणांनी नऊ अंडी मागितली, एवढंच झालेलं असतं.

हॉलंडेज सॉसची गोष्ट याहून वाईट. लोणी, अंड्याचा बलक आणि लिंबाचा रस फेटून तो होतो. जास्त तापला तर बलकाच्या गुठळ्या, गार झाला तर लोणी थिजतं. त्यामुळे तो कोमट ठेवावा लागतो, आणि ५ ते ६० अंश हा नेमका जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. चांगल्या किचनमध्ये तो थोडा-थोडा करतात आणि दोनेक तासांनी उरलेला टाकून देतात. दमलेल्या किचनमध्ये सकाळी एक भांडं भरतं आणि दुपारपर्यंत पुरवतात. तुमच्या घोळक्यात वयस्कर माणसं आणि लहान मूल आहे. एग्ज बेनेडिक्ट (ब्रेडवर पोच्ड एग आणि वर हाच सॉस) खायचंच असेल तर दहाला खा, दीडला नको.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एका शहरातल्या फार नावाजलेल्या ठिकाणी मी सहा जणांना घेऊन गेले होते. सत्तर मिनिटं फुटपाथवर. आत गेल्यावर सगळ्यांना भूक लागून मेल्यासारखं झालेलं, म्हणून सगळ्यांनी मोठमोठं काहीतरी मागवलं. पुढ्यात आलं तेव्हा सॉसवर साय धरली होती. मावसभाऊ बरोबर होता. त्याने काट्याने ती साय हलकेच बाजूला केली, खाली बघितलं आणि काही न बोलता ब्रेड खायला लागला. त्यानंतर मी त्याला विचारून नियम केला, आणि तोच तुला देते: जी जागा मंगळवारी सकाळीही नाश्ता देते, तिथे रविवारी जा. जी फक्त शनिवार-रविवारी 'ब्रंच' करते, तिथे रात्री जेवायला जा.

कारण साधं आहे. रोज सकाळी अंडी करणारा हात वेगळा असतो. त्या किचनमध्ये सकाळची माणसं सकाळचीच असतात, रात्री झोपून आलेली. त्यांचा ब्रेड आदल्या दिवसाचा उरलेला नसतो, कॉफीचं मशीन सहापासून तापलेलं असतं. रविवारी गर्दी होते, पण काम तेच असतं, रोजचंच.

हे बाहेरून ओळखायचं कसं? कामाच्या दिवशी नाश्त्याचे तास दिलेत का ते बघ. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना तारे मोजू नकोस. मंगळवारी-बुधवारी कोण गेलं होतं आणि काय म्हणतंय, ते शोध. मेनू बघ. चाळीस पदार्थ असतील तर निम्मे डब्यातून किंवा फ्रीझरमधून येणार. बारा-पंधरा असतील तर शिजवत असावेत. आणि 'अनलिमिटेड' शब्द दिसला की जरा थांब. पुष्कळ शहरांत ब्रंचला ठरावीक पैशांत हवी तेवढी वाइन-कॉकटेल देण्याची पद्धत आहे, नव्वद मिनिटं किंवा दोन तास. त्या जागा वाईट नसतात, पण तिथे खाणं दुय्यम असतं आणि आवाज चढत जातो. तुझी आई तिथे बसून फक्त हसत राहील. कानाला मशीन असलेली माणसं कशी हसत राहतात, ते तुला माहीत असेल.

आईचं जरा सविस्तर सांगते, कारण जागा निवडताना याचा विचार कुणी करत नाही. साधं बोलणं हातभर अंतरावरून साधारण ६० डेसिबलचं असतं. भरलेल्या कॅफेत आवाज सहज ऐंशीच्या वर जातो, आणि दर दहा डेसिबलला तो कानाला जवळपास दुप्पट वाटतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, मग शेजारचं टेबल चढवतं, मग आपण परत. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं होतं, आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. सिमेंटच्या उघड्या भिंती, काचेची दर्शनी बाजू, उंच छत, लोखंडी खुर्च्या: फोटोत जे सुंदर दिसतं, ते बहुतेक सगळं आवाज परतवतं. पडदे, गालिचे, कापडी बैठका, पुस्तकांची कपाटं आवाज खातात. म्हणून फोटो बघताना भिंती बघ, ताटं नकोस.

आणखी एक. आपण मोठ्या माणसांना मान म्हणून भिंतीकडची, आतली खुर्ची देतो. आईच्या मशीनमध्ये समोरचा आवाज जास्त उचलायची सोय असेल (बऱ्याच मशीनमध्ये असते), तर भिंतीला पाठ करून बसल्यावर अख्ख्या हॉलचा गलका तिच्या समोरून येतो, आणि मशीन तोच इमानेइतबारे उचलतं. तिला उलटं बसव. पाठ हॉलकडे, तोंड भिंतीकडे, आणि जिच्याशी तिला बोलायचंय ती व्यक्ती भिंतीकडच्या खुर्चीत. जमलं तर गोल टेबल मिळव. लांबलचक टेबलावर नऊ माणसांच्या तीन बैठकी होतात आणि टोकाच्या माणसाला कुणीच मिळत नाही.

आता सासूबाई. 'अंडं नको' एवढं सांगून ब्रंचच्या ठिकाणी भागत नाही, कारण जे दिसत नाही त्यातही ते असतं. पॅनकेकच्या आणि वॉफलच्या मिश्रणात अंडं, फ्रेंच टोस्ट तर अंड्यात बुडवलेलाच, मेयोनेज, हॉलंडेज, कीश, बहुतेक केक-मफिन, काही ब्रेड, आणि क्रोसाँवर चकाकीसाठी फिरवलेला ब्रशही अंड्याचाच. शिवाय सगळं एकाच तव्यावर होतं. सासूबाईंना कितपत चालतं, म्हणजे पदार्थात नको एवढंच की तवाही वेगळा हवा, हे तू विचारू नकोस. नवऱ्याला विचारायला लाव, त्याला खरं उत्तर मिळेल. मग रेस्टॉरंटला फोन करताना 'शाकाहारी आहे का' असा प्रश्न नको. जगात पुष्कळ ठिकाणी शाकाहारी म्हणजे अंडं चालणारा. 'बिनअंड्याचं काय काय आहे, नावं सांगा' असं विचार. पलीकडचा माणूस अडखळला, तर ती जागा तुझी नाही. एका माणसाने फळांची वाटी आणि सुका टोस्ट खात बाकी आठ जणांकडे बघत बसायचं, याला समारंभ म्हणत नाहीत.

एवढं सगळं धरून बसलं की, गंमत बघ, सेहेचाळीसातल्या चाळीसेक आपोआप गळतात. मग उरतं काय?

माझी पहिली पसंती तुर्की पद्धतीच्या नाश्त्याला. मोठ्या शहरात अशी एखादी तरी जागा बहुधा सापडते. तुर्की भाषेत नाश्त्याला 'काहवाल्ती' म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधी खायचं ते. तुर्कस्तानच्या पूर्वेकडचं वान हे शहर तर नाश्त्यासाठीच प्रसिद्ध आहे. टेबलावर मधोमध लहान-लहान वाट्या येतात: तीन-चार तऱ्हेची चीज, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध आणि दाट साय, मुरांबे, गरम ब्रेड आणि चहा, चहा, चहा. अंडी वेगळ्या कढईत येतात. ती सासूबाईंपासून दूर ठेवली की झालं. बाबांना चीज-काकडी-ऑलिव्ह मिळतात आणि मध आपल्यापासून लांब सरकवता येतो. मुलाला ब्रेडचा तुकडा लगेच हातात पडतो. मुख्य म्हणजे नऊ ताटं एकदम यायची वाट बघावी लागत नाही. वाट्या येत राहतात, माणसं 'हे बघ कसं लागतंय' म्हणत राहतात. बेरिंजरला जे बोलणं अभिप्रेत होतं, ते इथे होतं.

दक्षिण चीन-हाँगकाँगकडचा डिम सम, म्हणजे चहाबरोबरचे लहान-लहान पदार्थ, हाही घोळक्याचाच सकाळचा प्रकार. गोल टेबल, मधे फिरणारी तबकडी, तीन-तीन पिढ्या एकत्र. एरवी मी हेच सुचवलं असतं. पण तिथे भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थांतही डुकराची चरबी किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो आणि सासूबाईंसाठी दर वाटीला चौकशी करावी लागेल. ते पुढच्या खेपेला, भाऊ-वहिनीबरोबर.

दुसरी पसंती तुला कदाचित नीरस वाटेल. शहरात जिथे मोठमोठी ऑफिसं आहेत, तिथलं एखादं जुनं, मोठं हॉटेल. ऑफिसांचा भाग रविवारी ओस पडतो. लंडनची 'सिटी', म्हणजे तिथला बँका-ऑफिसांचा भाग, रविवारी बघितलास तर शहर सोडून सगळे गेले की काय असं वाटतं. तिथल्या हॉटेलांची गिऱ्हाइकं कामावर आलेली माणसं, ती शुक्रवारी घरी गेलेली असतात. पण नाश्त्याचं किचन तर रोज चालूच. म्हणजे मंगळवारचं किचन आणि रिकाम्या खुर्च्या दोन्ही एका जागी. खाली गालिचा, टेबलावर कापड, लिफ्ट, उतरत्या वाटेचं दार, स्वच्छ बाथरूम, मुलासाठी उंच खुर्ची, गाडी लावायला जागा. बहीण नाक मुरडेल. बाबा खूश होतील. बुफे असेल तर गरम भांड्यांतली अंडी सोडून दे. वाफेवर ती रबरासारखी होतात. समोर उभा राहून आचारी करून देत असेल, तिथेच घ्या. आणि तिथला 'संडे ब्रंच' नावाचा, बारानंतर बँड लावून होणारा कार्यक्रम बुक करू नकोस. सकाळचा साधा नाश्ता मागून घे. किती वाजेपर्यंत चालतो ते विचार. साडेदहाला आवरत असतील तर दहाला जाऊन धावपळ होईल. मग नऊला जायचं किंवा ते हॉटेल सोडून द्यायचं.

संग्रहालयातले, मोठ्या बागांतले कॅफेही बघून ठेव. दार उघडल्यावरचा पहिला तास तिथे शांत असतो, आणि खाऊन झाल्यावर मुलाला पळायला जागा मिळते. खाणं यथातथा असू शकतं, म्हणून हा पर्याय तिसरा.

फोन मात्र कर. नुसतं ॲपवरून बुक करून सुटू नकोस. बरीच ठिकाणं शनिवार-रविवारच्या सकाळी टेबल राखून देतच नाहीत. त्यांना नऊ जणांसाठी विचारायचंसुद्धा नाही, पुढचा नंबर लावायचा. जी देतात त्यांना विचार, की दार किती वाजता उघडतं ते नव्हे, किचन किती वाजता सुरू होतं. या दोन्हींत अर्धा तास असू शकतो, आणि बाबांसाठी तो अर्धा तास मोठा आहे. सगळे आल्याशिवाय बसवत नाहीत का, तेही विचार. असा नियम खूप ठिकाणी असतो, आणि नऊ जणांत एक जण उशिरा येतोच (तुझा भाऊ, बरोबर?). एकच टेबल मिळेल की दोन जोडलेली, किती वेळ बसता येईल, मोठ्या घोळक्याला सेवाशुल्क आपोआप लावतात का, आगाऊ पैसे भरावे लागतात का, हेही. आणि बिल तू देणार असशील तर कार्ड आधीच काउंटरवर देऊन ये. नाहीतर बाबा, भाऊ आणि नवरा यांची बिलासाठी होणारी झटापट पुढची दहा मिनिटं अख्खं हॉटेल बघेल.

ऑर्डरची सूत्रं तुझ्या हातात ठेव. बसल्या बसल्या ब्रेड, फळं आणि मुलाचं काहीतरी आधी मागव, मेनू उघडायच्याही आधी. मग सगळ्यांचं. अंडं हवंच असेल त्यांना कढईतून येणारं सुचव, टोमॅटोच्या रश्श्यातलं शक्शुका किंवा फ्रिटाटा, म्हणजे जाड इटालियन ऑम्लेट. लोखंडी कढई टेबलावर आल्यावरही गरम राहते, आणि चौघांना मिळून दोन पुरतात. पोच्ड एगची नऊ ताटं कुणीही मागवू नयेत, एवढं बघ.

बहिणीचं राहिलं. तिचं म्हणणं मी धुडकावत नाही, सुंदर जागेत बसावंसं वाटण्यात काही चूक नाही. पण तो दिवस हा नाही. यादीतली फोटोतली सर्वांत देखणी जागा निवड आणि कामाच्या दिवशी सकाळी तुम्ही दोघीच जा, खिडकीजवळचं टेबल विनासायास मिळेल. रविवारचे फोटो तिच्याकडेच सोपव. चाळीस वर्षं संसार केलेली दोन माणसं चहा पिताना टिपायची असली तर मागची भिंत कसली आहे याने फारसं बिघडत नाही.

आणि नवऱ्याचं 'घरीच कर'. त्याला विचार, 'कर' म्हणजे कोण करणार? नऊ जणांचं रांधून, वाढून, उष्टी काढून झाल्यावर आई-बाबांशेजारी बसायला तुला साडेतीन वाजतील. तो स्वतः पहाटे उठून करणार असेल तर मात्र जरूर विचार कर, वरचं माझं सगळं रद्द.

तसं नसेल तर पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन, कामावर जायच्या आधी, निवडलेल्या जागी जा. तो दाराशी थांबून आत किती पायऱ्या आहेत ते मोजेल. तू आतल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बस आणि हळू आवाजात काहीतरी बोल, त्याला ऐकू येतं का बघ. मग एक साधी कॉफी आणि एक पोच्ड एग मागवा. बलक वाहिला, तर उठायच्या आधी रविवारचं टेबल सांगून ठेव. नऊ जणांचं, दहा वाजताचं, शक्यतो गोल.